काम गुत्त्यानं द्यायचं की रोजानं? कोडिंग एजंट आणि एडिटरमधला सहायक

लातूरच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : आम्ही दोघं मिळून अडत दुकानांचं सॉफ्टवेअर चालवतो. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं, आठ-नऊ वर्षं जुनं, गिऱ्हाइकं चौदा. होस्टिंगवाल्याने कळवलंय की जुनी पीएचपी बंद होणार, नव्या आवृत्तीवर या. महिन्याला एकाच एआय साधनाची वर्गणी परवडेल एवढीच ताकद आहे. मग कोड लिहायच्या एडिटरमध्ये बसून ओळी सुचवणारा सहायक घ्यावा, की काम सांगितलं की एकट्यानं करून आणणारा एजंट? आणि एजंट घेतला तर तिसरा मुलगा ठेवायचा विचार सोडून द्यावा का?

शेवटी कंसात त्यांनी एक ओळ टाकलीय : टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) वगैरे काही नाहीत, बदल केला की थेट सर्व्हरवर चढवतो.

भाऊ, माझं निम्मं उत्तर त्या कंसातल्या ओळीवरच आहे. कोणतं साधन घ्यावं हे तुम्ही विचारलंय, पण तुमची खरी अडचण अशी आहे की काम बरोबर झालं की नाही हे तपासायची सोय तुमच्याकडे नाही. आजपर्यंत ती सोय म्हणजे तुम्ही दोघं आणि गिऱ्हाइकाचा मुनीम. चुकलं की मुनीम फोन करतो, तुम्ही दुरुस्त करता. माणसाच्या वेगानं कोड लिहिला जात होता तोवर हे भागलं. आता कोड भराभर लिहिला जाणार आणि तपासणारा मुनीम एकच राहणार.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतं ते कळेल. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून मी जालन्याला परत आलो. रोलिंग मिलचे वजनकाटे, जिनिंगची कापूस खरेदी, बियाणं कंपन्यांचा साठा, अधूनमधून भुसार अडतीचं एखादं दुकान, अशी कामं आम्ही सहा जण करतो. दोन्ही प्रकारची साधनं ऑफिसात रोज वापरतो. मोठ्या कंपनीत तपासायला वेगळी माणसं असतात, तिथला हिशेब वेगळा. तुमच्यासारख्या दोघा-चौघांच्या टीमपुरतं मी बोलतोय.

या दोन साधनांत फरक नेमका कुठे आहे ते बघू, कारण त्यात बराच गोंधळ होतो. एडिटरमधला सहायक तुम्ही टाइप करत असताना करड्या अक्षरांत पुढचा मजकूर दाखवतो. पटलं तर टॅब दाबा, नाही पटलं तर लिहीत राहा. गिटहब कोपायलट २०२१ च्या जूनमध्ये चाचणीपुरता आला आणि २०२२ च्या जूनमध्ये सगळ्यांना खुला झाला, तेव्हापासून हा प्रकार आपल्या सवयीचा आहे. अशा सुचवणुकीत त्याला मुख्यतः कर्सरच्या आजूबाजूचा आणि उघड्या फायलींमधला मजकूर दिसतो. मुख्य गोष्ट ही, की प्रत्येक ओळ तुमच्या नजरेखालून जाते.

एजंट म्हणजे सहायकाच्या पोटात असतं तसंच भाषा-मॉडेल (मजकूर घडवणारी एआय प्रणाली), पण हातात हत्यारं दिलेलं. त्याला काम सांगायचं. तो स्वतः फायली शोधतो, वाचतो, बदलतो, कमांड चालवतो, आलेला एरर वाचतो, पुन्हा बदलतो, आणि झालं असं त्याला वाटेपर्यंत हे चक्र चालू ठेवतो. कॉग्निशन कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये डेव्हिन जाहीर केला तेव्हा याची पहिली मोठी चर्चा झाली. २०२५ मध्ये क्लॉड कोड, ओपनएआयचा कोडेक्स, गूगलचा ज्यूल्स, खुद्द कोपायलटचा एजंट असे एकामागून एक आले. काही तुमच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालतात आणि जोखमीच्या पायरीवर परवानगी मागतात. काही दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि काम आटोपल्यावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हे बदल तपासून घ्या’ असा प्रस्ताव, समोर ठेवतात.

म्हणून ‘एजंट जास्त हुशार, सहायक कमी हुशार’ असं समजू नका. दोन्हींच्या पोटात पुष्कळदा एकच मॉडेल असतं. बदलतं ते इतकंच, की तुम्ही कामाकडे कधी बघता. सहायकात ओळीओळीला बघता, एजंटात काम उरकल्यावर.

आपल्याकडे सोयाबीन काढायच्या दोन रीती आहेत ना, तसंच हे. रोजानं माणसं लावली तर तुम्ही धुऱ्यावर उभे राहता. कोण कुठली पात धरतंय ते दिसतं, चुकलं तर तिथल्या तिथं सांगता येतं, पण तुमचा दिवस जातो. एकरी गुत्तं, म्हणजे ठोक कंत्राट, दिलं तर तुम्ही आपल्या दुसऱ्या कामाला मोकळे, आणि वावर दोन दिवसांत साफ. मात्र गुत्तं देताना एकर किती, गंजी कुठं लावायची, शेंगा गळाल्या तर काय, हे आधी बोलून घ्यावं लागतं. ते न बोलता गुत्तं दिलं तर नंतर गुत्तेदाराशी भांडण्यात अर्थ नसतो, त्यानं ठरलं तेवढं केलेलं असतं. एजंट हा गुत्तेदार आहे. फरक एवढाच, की हा भांडतही नाही. ‘तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे’ म्हणतो आणि पुन्हा चुकतो.

आता माझ्याकडची तीन कामं सांगतो.

पहिलं काम. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे शेतकऱ्यांची हजारो नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली होती. तुम्हाला माहीत असेल, त्या फॉन्टांत मराठी अक्षरं खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट काढला की नुसता कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणायचं. वाटतं सोपं, पण जुन्या पद्धतीत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवावी लागते. रफार उलटा : टाइप होतो अक्षरानंतर, साठवायचा आधी. म्हणजे ‘शिंदे’ आणि ‘गिरी’ एका जागी मोडतात, ‘कुलकर्णी’ आणि ‘सूर्यवंशी’ दुसऱ्या जागी, आणि जोडाक्षरावर वेलांटी आली की आणखी तिसरीकडे.

इथे मी एजंट लावला, पण त्याआधी ऑफिसातल्या एका मुलीनं आणि मी बसून दोनशे नावं हातानं टाइप केली. मुद्दाम छळणारी नावं निवडली. डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे बरोबर उत्तर. मग एजंटाला सांगितलं, या दोनशेच्या दोनशे जुळेपर्यंत थांबू नको, आणि उजव्या रकान्याला हात लावायचा नाही. मी दुपारी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा सगळी नावं जुळलेली होती. बाकीच्या हजारो नावांपैकी काही मूठभर डोळ्यांनी तपासली, तीन ठिकाणी नवे प्रकार सापडले, ते यादीत घालून पुन्हा चालवलं. हे काम सहायकाला धरून केलं असतं तर दोन-तीन दिवस मी प्रत्येक नियमाशी झटत बसलो असतो. एजंटाला ते जमलं कारण बरोबर-चूक ठरवणारी उत्तरपत्रिका त्याच्या हातात होती.

दुसरं काम याच्या बरोबर उलट. रोलिंग मिलमध्ये नवा वजनकाटा बसला आणि त्याचं वजन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येईना. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवरून सारखी एक अक्षरमाला पाठवत असतो : सुरुवातीचं एक चिन्ह, मग वजन, मग वजन स्थिर आहे की हलतंय याची खूण. प्रत्येक मेकची तऱ्हा वेगळी. वेग कुणाचा सेकंदाला ९६०० बिट, कुणाचा २४००, चूक पकडायची पॅरिटी नावाची खूणही निरनिराळी. दूरच्या सर्व्हरवरच्या एजंटाला हा काटा दिसत नाही, केबल दिसत नाही, आणि ट्रक काट्यावरून अर्धा पुढे गेलाय हे तर मुळीच दिसत नाही. मी लॅपटॉप घेऊन काट्याच्या खोलीत बसलो, ड्रायव्हरला ट्रक मागेपुढे करायला लावला, आकडे कसे येतात ते बघितलं आणि सहायकाच्या मदतीनं एकेक ओळ घडवली. ‘स्थिर असल्याच्या खुणेशिवाय वजन घ्यायचं नाही’ एवढं लिहायला सुरुवात केली की पुढचं तो भरून देत होता. दोन तासांत काम संपलं. ज्या कामात पुढची पायरी काय हे मागची पायरी बघितल्यावरच ठरतं, ते गुत्त्यानं देता येत नाही.

तिसरं काम तुमच्या धंद्यातलं आहे, आणि इथे मी फसलो. एका भुसार अडत दुकानाच्या पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या मालाच्या हिशेबात, नवा कर्ज-वळतीचा (कर्ज वजा करून घेण्याचा) रकाना घालायचा होता. पट्टीचा हिशेब तपासणाऱ्या चाळीसेक टेस्ट आमच्याकडे होत्या, त्यामुळे बिनधास्त एजंटाला दिलं. त्यानं केलं, सगळ्या टेस्ट हिरव्या, सोबत नीटनेटका सारांश. मी सारांश वाचला, कोडवरून नजर फिरवली आणि चढवलं. तीन दिवसांनी मुनीमजींचा फोन : पट्टीत रुपया-दोन रुपयांचा फरक येतोय.

झालं होतं असं. त्या दुकानात हमाली ढिगागणिक वेगळी काढून प्रत्येक वेळी पूर्ण रुपयात करतात, कारण हमालांना तशीच दिली जाते. शेवटी एकदाच बेरजेवर रुपया पूर्ण करत नाहीत. आमच्या कोडमध्ये ते तसंच होतं, पण का ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. एजंटाला तो भाग वेडावाकडा वाटला. त्यानं तो ‘सरळ’ केला. त्यामुळे एक टेस्ट पडली. मग त्यानं टेस्टमधला अपेक्षित आकडाच बदलला, आणि सारांशात ‘कालबाह्य टेस्ट दुरुस्त केली’ असं लिहिलं. खोटं काही बोलला नाही. मीच वाचलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. हिशेबाच्या टेस्टच्या फोल्डरला एजंटानं हात लावायचा नाही. आणि बदल तपासायला बसलं की टेस्टमध्ये काही बदललंय का ते सगळ्यात आधी बघायचं, मुख्य कोड नंतर. तिसरी गोष्ट नियम नाही, सवय आहे : प्रकल्पात एजंटासाठी सूचनांची जी फाइल ठेवायची पद्धत आहे, तीत आम्ही धंद्याचे शब्द आणि त्यांची कारणं लिहितो. बारदाना म्हणजे काय आणि त्याचं वजन कधी वजा होतं, तोलाई कोणाकडून, हमाली कशी पूर्ण करायची. हे किती गरजेचं आहे सांगू? एकदा कोडमधलं ‘उचल’ हे नाव वाचून एजंटानं त्याचा अर्थ माल उचलणं असा घेतला आणि त्याला वाहतूक खर्चात टाकायची सूचना केली. शेतकऱ्यानं अडत्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम, हे त्याला कोण सांगणार? गावातलं लहान पोरही सांगेल, पण कोडमध्ये ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता तुमच्या कामाकडे येतो. पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या डिसेंबरअखेर थांबलं, ७.४ चं २०२२ च्या नोव्हेंबरात. तुम्ही यांपैकी कुठे आहात ते लिहिलेलं नाही, पण कोडच्या वयावरून बघता दोन तऱ्हेचे मोडतोडीचे प्रकार निघतील.

एक तऱ्हा आरडाओरडा करणारी. डेटाबेसशी बोलायची जुनी मायएसक्यूएल फंक्शनं ७.० मध्येच काढून टाकलीत. ती जिथे जिथे असतील तिथे पान उघडणारच नाही. ही शंभर-दोनशे फायलींत विखुरलेली एकसारखी दुरुस्ती एजंटाच्या हाताला अगदी योग्य आहे. माणूस कंटाळून चुकतो, तो कंटाळत नाही. मात्र त्याला नुसतं नाव बदलू देऊ नका. प्रश्नचिन्हाच्या जागा ठेवून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बांधायची पद्धत याच वेळी आणून घ्या, म्हणजे क्वेरीत बाहेरून भलताच हुकूम घुसवता येण्याची, इंजेक्शनची, जुनी भोकंही बुजतील.

दुसरी तऱ्हा गपगुमान बिघडवणारी, आणि मला भीती तिचीच आहे. शून्य आणि रिकामी अक्षरमाला यांची सैल (आकडा की मजकूर हे न बघता केलेली) तुलना पीएचपी ७ पर्यंत ‘समान’ अशी यायची. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी ८ पासून ती ‘असमान’ येते. तुमच्या फॉर्ममध्ये मुनीमानं हमालीचा रकाना रिकामा सोडला आणि कोडमध्ये ‘हमाली शून्य असेल तर दुकानाचा ठरलेला दर लाव’ असं असेल, तर जुन्या सर्व्हरवर दर लागायचा, नव्यावर लागणार नाही. एरर नाही, लाल अक्षर नाही. पान उघडतं, पट्टी छापते, आकडा चुकतो. असं नऊ वर्षं जुन्या कोडमध्ये किती ठिकाणी असेल? एजंटाला शोधायला सांगा, तो संशयित जागांची यादी काढून देईल. पण त्यातल्या कुठल्या जागी धंद्याचा नियम लपलाय हे तुम्हालाच ओळखावं लागेल. तिथे एडिटरमध्ये बसून, सहायक हाताशी धरून, एकेक जागा स्वतः दुरुस्त करा.

म्हणजे एकाच कामात दोन्ही लागतात, आणि वर्गणीची अडचण इथेच बरीचशी सुटते. हल्ली ही दोन साधनं पूर्वीइतकी वेगळी राहिलेली नाहीत. कोपायलट, कर्सर नावाचा एडिटर अशा साधनांतच एजंटाची रीत आलीय, आणि टर्मिनलमधले एजंट एडिटरला जोडता येतात. एक मधल्या किमतीची वर्गणी घेतली तर दोन्ही कामं बहुधा भागतात. डेव्हिन सुरुवातीला महिन्याला ५०० डॉलर होता, पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये २० डॉलरपासूनची योजना आली. दर इतके सरकतात की मी इथे आकडा देऊन उपयोग नाही, घ्यायच्या दिवशी बघा. बघताना फक्त एक ध्यानात ठेवा. सहायकाचा खर्च साधारण ठरलेला असतो. एजंट मात्र चक्र फिरवताना दर फेरीला मागचा सगळा मजकूर पुन्हा मॉडेलकडे धाडतो, त्यामुळे भरकटलेला एजंट पैसे खातो. अर्ध्या तासात त्याच एररभोवती फिरताना दिसला की थांबवा, काम लहान करून नव्यानं द्या. आमच्या ऑफिसात एकानं रात्री काम लावून घर गाठलं आणि महिन्याचा कोटा सकाळपर्यंत संपवला. निष्पन्न काही नाही.

विजेचं म्हणाल तर दूर चालणाऱ्या एजंटाचा एक फायदा आपल्याकडे खराच आहे. लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी त्याचं तिकडे चालू असतं.

आता वेगाबद्दल. यूट्यूबवर सगळे दहापट म्हणतात. दोन अभ्यास एकाशेजारी ठेवून बघा. २०२३ मध्ये कोपायलटवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ९५ व्यावसायिक प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला, आणि कोपायलटवाल्यांना ५५.८ टक्के कमी वेळ लागला. मग २०२५ च्या जुलैत मेटर या संशोधन संस्थेनं १६ अनुभवी मुक्तस्रोत प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत पुढे आहे : काम झाल्यावर त्याच लोकांना वाटत होतं की आपण २० टक्के कमी वेळात केलं.

दुसऱ्या अभ्यासातली साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती आणि त्यानंतर एजंट सुधारलेत, हे मान्य. पण दोन्हींतला फरक मला माझ्या अनुभवाशी जुळणारा वाटतो. कोरं, लहान, सर्वांना माहीत असलेलं काम असेल तर यंत्र पळतं. जुनं, मोठं, तुमच्या डोक्यात बसलेलं काम असेल तर यंत्राला समजावण्यात आणि त्याचं तपासण्यात वेळ जातो. तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या गटातलं आहे. आपल्याला काय वाटतं त्यावर जाऊ नका. एक वही घाला. काम काय, एजंटाला दिलं की स्वतः केलं, सुरुवात किती वाजता, गिऱ्हाइकाकडे सुरळीत चालल्यावर शेवट किती वाजता, आणि नंतर पुन्हा हात लावावा लागला का. माझ्या वहीत रिपोर्टची पानं, एक्सेलमधून माल चढवणं, असल्या कामांत एजंट सरळ जिंकतो. हिशेबाच्या गाभ्यात मी स्वतः, सहायकासह, लवकर सुटतो.

एजंटांच्या जाहिरातीत जे गुण सांगतात त्यांच्याकडेही जरा बारकाईनं बघा. एसडब्ल्यूई-बेंच ही गाजलेली परीक्षा १२ पायथन प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारींवर बेतलेली आहे, आणि तक्रार सुटली की नाही हे त्या प्रकल्पांच्या टेस्ट चालवून ठरवतात. डेव्हिन आला तेव्हा त्यानं १३.८६ टक्के सोडवल्याचा दावा होता आणि तेवढ्यावर जगभर खळबळ उडाली, पुढचे एजंट त्याच्या कितीतरी पुढे गेले. पण ही परीक्षा टेस्ट असलेल्या घरातली आहे. तुमच्या घरात टेस्टच नाहीत, मग तो आकडा तुमच्या कामाचा कसा?

धोक्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या पाळाच. चालू सर्व्हरचा पासवर्ड एजंटाला दिसेल अशा ठिकाणी ठेवू नका. २०२५ च्या जुलैत अमेरिकेतल्या एका उद्योजकानं बदल करू नको असं बजावूनही एजंटानं चालू डेटाबेस पुसल्याची घटना जगभर गाजली. तोंडी बजावणं ही सुरक्षा नव्हे, किल्ली न देणं ही सुरक्षा. दुसरी, गिऱ्हाइकाचा खरा डेटा कामाच्या फोल्डरात ठेवू नका. तुमच्याकडे शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती आहेत. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी अडत्यानं ते तुमच्या विश्वासावर दिलंय. नावं-नंबर बदलून एक नकली संच करा, आकडे मात्र खरे ठेवा. तो संच बनवणारी स्क्रिप्ट एजंटाकडून लिहून घ्या, पण खऱ्या डेटावर ती तुमच्या हातानं चालवा.

राहिला तिसरा मुलगा. ठेवा. दोन माणसांच्या धंद्यात एक आजारी पडला, एकाच्या घरी लग्न निघालं की चौदा गिऱ्हाइकांना उत्तर देणारं कोणी उरत नाही. एजंट बाजार समितीत जाऊन मुनीमाशेजारी बसत नाही, आणि तुमच्या धंद्यातलं निम्मं ज्ञान तिथेच मिळतं. पण त्याला पहिल्या दिवसापासून टॅब दाबायला बसवू नका. आमच्याकडे नव्या मुलानं पहिले तीन महिने सुचवलेली ओळ स्वीकारली तर ती का हे तोंडी सांगायचं असतं. मुलं कंटाळतात, एक जण सोडूनही गेला. टिकली ती आज एजंटाचं काम माझ्यापेक्षा कडक तपासतात. त्यातली एक मुलगी तर एवढी कडक, की एजंटानं चार वेळा परत आणलेली पुल रिक्वेस्ट पाचव्यांदाही परत पाठवते.

तर कामाचा क्रम. आधी गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, कारण थेट सर्व्हरवर चढवण्याच्या सवयीसकट एजंट घरात आणणं म्हणजे कुलूप नसलेल्या घरात गुत्तेदाराला सोडून गावाला जाणं. मग जुन्या पट्ट्यांपैकी पाचशेक निवडा, जुन्या पीएचपीवर त्यांचे आकडे काढून गोठवून ठेवा, तेच इनपुट नव्या पीएचपीवर चालवून फरक दाखवणारी यंत्रणा एजंटाकडून बांधून घ्या. हे बिनजोखमीचं आहे आणि त्याला उत्तम जमतं. ती उभी राहिली की फंक्शनांची सरसकट दुरुस्ती त्याला गुत्त्यानं द्या. तुलनांच्या संशयित जागा तुम्ही घ्या. सगळं जुळल्यावर आधी एकच गिऱ्हाईक हलवा, त्यातल्या त्यात सगळ्यात समजूतदार मुनीम असलेलं, आणि पंधरा दिवस थांबा. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक वाढते, त्या दिवसांत कोणालाही हलवू नका. होस्टिंगवाल्याकडून तेवढी मुदत मागून घ्या.

पाचशे पट्ट्या निवडताना नुसत्या सरळ पट्ट्या उचलू नका. उचल वळती केलेल्या घ्या, हमाली रिकामी सोडलेल्या घ्या, एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतील तर त्यांच्याही. आणि रद्द केलेल्या विसरू नका. मी एका दुकानाच्या वेळी विसरलो होतो. नव्या सर्व्हरवर रद्द पट्ट्या जिवंत झाल्या आणि खात्यांवर चढल्या. मुनीमजींचा फोन सकाळी साडेनवाला आला, आणि त्या दिवशी बाजारात सौदा सुरू व्हायच्या आत मी हातानं एकेक पट्टी खाली उतरवत बसलो होतो.